भूकंप सर आणि चादरींचा तास

स्टाफरूममधल्या लांब टेबलावर चहाचा कप ठेवावा आणि चहावर बारीक बारीक वलयं उठावीत, म्हणजे भूकंप सर येऊन बसले हे मान वर न करताही कळायचं. त्यांचा उजवा पाय. खुर्चीत टेकले की टाच उचलली जायची आणि गुडघा शिलाई मशीनसारखा वर-खाली सुरू व्हायचा. टेबलाचा एक पाय आधीच लंगडा, त्यामुळे ती थरथर टोकापर्यंत पोचायची. गणिताच्या मॅडमना आकृती काढायची असली की त्या आपलं सामान उचलून खिडकीत जायच्या. "सर, आज किती रिश्टर?" असं कुणीतरी विचारायचं. सर पायाकडे बघायचे, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखे, आणि म्हणायचे, "अरे, चालू आहे होय?"

नाव मुलांनी ठेवलेलं. सर भूगोल शिकवायचे, त्यामुळे ते त्यांना फिट्ट बसलं. त्यांच्या बायकोची तक्रार वेगळी होती. "ह्यांच्याशेजारी झोपणं म्हणजे चालत्या गाडीत झोपणं," ती म्हणायची. "फक्त स्टेशन येत नाही."

दुसरी खोड प्रश्नांची. शिपायाला ते विचारायचे, दमट हवेत घंटेचा आवाज बसका का येतो. मला विचारायचे, "कविराज, कविता वाचताना तुम्ही कुठे बघता? ओळीकडे, की ओळीच्या पलीकडे?" मी भाषा शिकवायचो आणि चोरून कविता लिहायचो, हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. उत्तर मिळालं नाही तरी ते नाराज होत नसत. खिशात खडा ठेवावा तसा प्रश्न ठेवून द्यायचे आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा बाहेर काढायचे.

त्या वर्षी सहामाही परीक्षेत मुलींच्या स्वच्छतागृहात रडणाऱ्यांची रांग लागली होती. दहावीतला एक हुशार मुलगा पेपर कोरा ठेवून घरी गेला तो परत आलाच नाही. मुलांच्या मनाचं काहीतरी करायला हवं, असं संस्थेच्या बैठकीत ठरलं. शाळेत काहीतरी करायला हवं असं ठरलं की त्याचा तास होतो. नववीच्या वेळापत्रकातला भूगोलाचा एक चौकोन पुसून तिथे ‘सजगता’ असं लिहिलं गेलं, आणि चौकोन मुळात ज्यांचा होता त्यांच्याच गळ्यात तो पडला.

"म्हणजे माझ्याच घरात मला भाडेकरू केलं," सर म्हणाले.

स्टाफरूम हसत सुटली. ज्याला बूड टेकून बसता येत नाही तो मुलांना शांत बसायला शिकवणार. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तेवढ्या हसल्या नाहीत. "सर, तुमचा पाय टेबलाखाली असतो," त्या म्हणाल्या. "मुलांना काय दिसणार आहे?" तासाला दोन शिक्षक हवेत असा नियम होता, म्हणून मागच्या बाकावर बसायला माझी नेमणूक झाली.

प्रशिक्षण द्यायला एक बाई आल्या. त्यांचा आवाज इतका मऊ होता की त्यांचं नाव पहिल्याच दुपारी मऊ बाई पडलं. "आपण आपल्या श्वासाकडे नुसतं बघू या," त्या म्हणायच्या. "त्याला बदलायचं नाही. चांगला-वाईट म्हणायचं नाही. मन भरकटलं, तर हळूच हाताला धरून परत आणायचं."

"बाई," सरांनी डोळे मिटूनच विचारलं, "श्वास घेणारा मी आणि बघणाराही मीच, तर मग घेताना आणि बघताना आमची गर्दी नाही का होणार?"

"प्रश्न शेवटी, सर."

शेवटी त्या सरांजवळ आल्या आणि पाय जरा स्थिर ठेवता येईल का म्हणाल्या. सरांनी ठेवला. घरी जाताना मला म्हणाले, "पाय धरून ठेवला आणि मग मला नुसता पायच दिसायला लागला. श्वास कुठे गेला, काही पत्ता नाही."

पहिले काही तास मुलं चक्क झोपली. वर्गात त्याला ‘झोपेचा तास’ म्हणायला लागले. मग सरांनी तो आपल्या पद्धतीने फिरवला. फळ्यावर नाकाचं चित्र काढलं, बाणांनी वारे दाखवले आणि म्हणाले, "हे तुमचं हवामान. बाहेरून आत येणारा वारा गार आहे की कोमट? वेग किती? कुठल्या नाकपुडीतून जास्त? डोळे मिटा आणि वेधशाळेत बसा."

मुलांना ते आवडलं. वर्गात एक मुलगा होता, सगळे त्याला रेडिओ म्हणायचे, कारण तो बंद होत नसे. तो म्हणाला, "सर, डाव्या नाकपुडीत आकाश ढगाळ. उजवीत वाहतूक सुरळीत." वर्ग हसला, पण हसून झाल्यावर पुन्हा डोळे मिटले. मागच्या बाकावरून मला पाठमोरी डोकी दिसायची. त्यांच्यात कधी कधी असं काहीतरी उतरायचं, जसं रिकाम्या खोलीत ऊन सरकतं. सर खूश होते. खुशीत त्यांनी एक गोष्ट केली, जी फक्त शिक्षकाच्याच हातून होऊ शकते. त्यांनी त्याची बाकवारी लावली.

"आज एकेकाने उभं राहून आपल्या हवेचा अहवाल द्यायचा. पहिल्या बाकापासून सुरुवात."

खिडकीशेजारी, माझ्या पुढच्या बाकावर, एक मुलगी बसायची. तिला दमा होता. सगळ्यांना माहीत होतं, तरी ते गुपित आहे असं ती धरून चालायची. खिशात रुमालात गुंडाळलेला पंप असायचा. धाप लागली की ती स्वच्छतागृहात पळायची आणि तिथे पंप ओढून यायची. अहवाल एकेक बाक मागे सरकत होता तसे तिचे खांदे वर चढत होते. मला ते दिसत होते. मला वाटलं, सगळ्यांसारखीच बोलायला घाबरते आहे.

तिची पाळी आली. ती उभी राहिली, बाकाची कड धरली, तोंड उघडलं. शब्दाऐवजी बारीक शिट्टी आली, फटीतून वारा जावा तशी. मग ती धावली. आम्हाला ती व्हरांड्यात सापडली. हातात पंप होता, पण तो दाबायला बोटं ऐकत नव्हती. सरांनी तिच्या बोटांवर बोटं ठेवून तो दाबला. नंतर दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ती ठीक झाली.

तिची आई दुसऱ्या दिवशी आली. बसस्थानकामागे तिचं आणि तिच्या भावाचं छोटं लॉज होतं. ती स्टाफरूममध्ये आमच्यासमोर बसली आणि सरांसमोरच्या कपातल्या वलयांकडे बघत राहिली.

"सर, माझी पोर चालायला लागायच्या आधीपासून श्वास बघतेय," ती म्हणाली. "तुम्ही तिला नवीन काय शिकवलंत?"

"काही नाही," सर म्हणाले. "चूक माझी झाली, ताई."

ते इतक्या सरळ म्हणाले की तिला पुढचं वाक्य शोधावं लागलं. "डॉक्टर म्हणतात, छाती आता पुष्कळ सुधारलीय. औषध चालू ठेवा, पंप जवळ ठेवा, बास. उरलीय ती भीती. पण भीतीला मी कुठला पंप आणू? शाळा सुटेपर्यंत मी फोन हातात धरून बसते. फोन वाजला की गिऱ्हाइकाच्या आधी माझाच श्वास अडकतो." तिने पर्स बंद केली. "घरी बसून शिकू दे तिला. बाहेरून परीक्षा देईल. मला दाखला हवाय."

"तिला काय हवंय?"

"तिला शाळा हवीय. पण मला ती हवीय ना, सर."

मोठ्या बाईंनी दाखला महिनाअखेरीस तयार ठेवते म्हणून सांगितलं, तोवर मुलीला येऊ द्या म्हणाल्या. आई उठली. सरांनी विचारलं, "मी तिला एक प्रश्न विचारू का?"

"विचारा," ती म्हणाली. "पण उभं करून नको."

नकाशांच्या खोलीत त्यांनी तिला बसवलं. दार उघडं, मी दाराशी. भिंतीला टेकून गुंडाळलेले खंड उभे होते. सर म्हणाले, "उत्तर नसलं तरी चालेल. श्वासाकडे आपलं लक्ष नाही, असं तुझं कधी होतं?"

ती गुंडाळलेल्या नकाशांकडे बघत राहिली. टाळायचं म्हणून नाही, ती खरंच शोधत होती. "माहीत नाही, सर."

"कधीच नाही?"

"होत असेल. पण तेव्हा माझं लक्षच नसतं ना. मग मला कसं कळणार?"

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेला आनंद होता, वर्गात कुणीतरी त्यांचाच प्रश्न त्यांच्या आधी विचारल्यासारखा. "बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर."

तो खडा त्यांच्या खिशात पडला आणि टोचत राहिला. "कविराज, बघा तरी," ते टेबल हलवत म्हणायचे. "ज्या घटकेला ती बरी असते, त्या घटकेला ती तिथे नसते. नकाशावर हा भाग पांढरा. तिथे जाणारा परत येऊन सांगूच शकत नाही. मग तिथे काय आहे ते कळायचं कसं?"

मी म्हणालो, कवितेचंही तसंच असतं. ते म्हणाले, "तुमच्या कवितेचं राहू द्या हो. पोरीचं नाव निघतंय शाळेतून."

त्यांनी प्रयोग स्वतःवर केला. बायकोला सांगितलं, माझा पाय कधी थांबतो त्यावर जरा नजर ठेव. ती म्हणाली, मला तेवढाच उद्योग उरलाय. पण नजर ठेवली असणार, कारण एका सकाळी डबा भरताना तिनं सांगितलं, "काल थांबला होता. सुईत दोरा ओवत होतात तेव्हा." सर हा पुरावा घेऊन धावत शाळेत आले. "म्हणजे दुसऱ्याने बघायचं," ते म्हणाले. "आपल्याला आपण दिसत नाही, शेजारच्याला दिसतो. एवढी साधी गोष्ट."

मधल्या सुट्टीत त्यांनी आईला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला, तर तो थरथरून सरकायला लागला.

"ताई, तिचं श्वासाकडे लक्ष नसतं असं तुम्हाला कधी दिसतं का?"

पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता. "सर, मी बिघडतं तेव्हाच बघते," ती म्हणाली. "नीट चाललेलं असतं तेव्हा कोण बघतं?"

"आता बघा. तिला न सांगता."

शनिवारी तिचा फोन आला. सांगताना तिला थोडं लाजल्यासारखं झालं होतं, काहीतरी फारच क्षुल्लक सांगतो आहोत अशा सुरात. "गच्चीवर आम्ही दोघी चादरी काढतो ना, सर. लॉजच्या. तेव्हा. जिना चढून आलेली असते, वाराही असतो, पण हात खिशातल्या पंपाकडे जात नाही. मला वाटतं. तुम्हीच येऊन बघा."

आम्ही गेलो. गच्चीवर दोऱ्यांच्या रांगा आणि पांढऱ्या चादरी, मध्ये त्या दोघी. एक टोक आईकडे, एक मुलीकडे. दोघींनी चादर ताणली, एक हिसका दिला, चादरीच्या पोटातून एक लाट गेली आणि ती सपाट झाली. मग दोघी एकमेकींकडे चालत आल्या, कोपऱ्याला कोपरा, मुलीने आपले दोन कोपरे आईच्या बोटांत दिले आणि वाकून घडीची खालची कड उचलली. पुन्हा मागे, पुन्हा ताण. कुणी बोलत नव्हतं. मुलगी आईच्या हातांकडे बघत होती, आई मुलीच्या. दोघींमध्ये कापडाएवढंच अंतर होतं, आणि ते दर वेळी निम्मं होत होतं. मी तिथे उभा राहून विचार केला, की माणसं एकमेकांकडे येतात ती अशीच येत असतील, काहीतरी दोन्हीकडून धरलेलं असेल तरच.

मग मुलीला आम्ही दिसलो. तिचा हात लगेच खिशाकडे गेला.

"बघितलंत?" सर मला हळूच म्हणाले. मग तिला मोठ्याने, "ह्या चादरी वर्गात नेऊ या का?"

"सगळे हसतील," ती म्हणाली.

"हसू देत. हसता हसता घडी घालता येते का, तेही कळेल."

"मळल्या तर?" आईने विचारलं. "लॉज चालवायचंय मला."

"मी धुईन," सर म्हणाले. घरी गेल्यावर त्यांच्या बायकोने ह्या वाक्याचा समाचार घेतला म्हणे.

त्यांनी मऊ बाईंनाही फोन केला, घाबरत घाबरत. श्वास सोडून चादरी घेतल्या तर चालेल का? मऊ बाई त्यांच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "सर, श्वास ही फक्त एक दोरी आहे. ज्याला ती काचते त्याला दुसरी द्या. आवाज द्या, हात द्या, काहीही. हे मी तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा माझ्या घड्याळाचा पट्टा डाव्या हाताला का, हे विचारत होता."

वर्गातले बाक भिंतीला लावले. जोड्या केल्या. नियम एकच, बोलायचं नाही. पहिल्या पाच मिनिटांत एक चादर भूत होऊन फिरत होती, दोन फरशीवर होत्या आणि रेडिओ तोंड दाबून लाल झाला होता. मग हळूहळू वेगळंच काहीतरी सुरू झालं. घाई केली की समोरचा ओढला जातो, हे मुलांना हातातून कळलं. मधेच दुसरा विचार आला की कोपरा निसटतो. तो निसटला की समोरच्याला आधी कळतं. वर्गात फक्त हिसक्यांचे आवाज येत होते, मोठे पक्षी उठून बसावेत तसे. शेवटी सरांनी बसवून विचारलं, ज्याला वाटेल त्याने, बसल्या बसल्या सांगायचं. मुलींतली एक, परीक्षेत रडणारी, म्हणाली, "सर, मी मगाशी कशाला घाबरत होते तेच मला आठवेना. आता आठवलं."

"आठवलं तर आठवू दे," सर म्हणाले. "पण मधे गेली होतीस ना कुठेतरी?"

"हो."

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. "सर, हा सजगतेचा तास आहे की धोबीघाट?"

"बाई, ते टोक धरा जरा," सर म्हणाले. बाईंनी दोन्ही बाजूंना बघितलं आणि धरलं. त्यांची घडी तिरकी आली.

खिडकीवाली मुलगी पहिल्या दिवशी नुसती बघत बसली. दुसऱ्या आठवड्यात तिने रेडिओच्या हातातून टोक काढून घेतलं, कारण तो ज्या पद्धतीने ते धरत होता ते तिला बघवेना. त्यानंतर तीच त्याची जोडीदार झाली. पण आईचं म्हणणं बदललं नव्हतं. घडी घालणं वेगळं आणि दिवसभर शाळेत असणं वेगळं, ती म्हणाली, आणि तिचं काही चूक नव्हतं.

महिनाअखेरीस ती दाखला न्यायला आली. कार्यालयातून मोठ्या बाईंनीच तिला वर पाठवलं, एवढा तास संपू दे म्हणून. ती माझ्याशेजारी मागच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. आई आलेली मुलीला दिसली. तिने मान फिरवली आणि चादर ताणली.

दुसऱ्या घडीला ती थांबली. आम्हाला ते आधी चादरीत दिसलं. ताण गेला, मधोमध झोळी पडली. मग खांदे वर आले. मग ती शिट्टी, बारीक. माझ्याशेजारी पर्स खाली पडली. आई अर्धी उठली होती. सर वर्गाच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसले होते. ते उठले नाहीत. त्यांनी फक्त आईकडे बघितलं आणि हात जरासा वर केला. तुम्ही जा, असं नाही, जाऊ नका, असंही नाही. थोडं बघा, एवढंच.

मुलगी दाराकडे बघत होती. दार उघडं होतं. नेहमीचा रस्ता, व्हरांडा, स्वच्छतागृह. रेडिओ आपले दोन कोपरे धरून उभा होता. त्याला काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून तो ते सोडत नव्हता. तिने आपले दोन्ही कोपरे डाव्या मुठीत घेतले. उजवा हात खिशात घातला. पंप बाहेर काढला, रुमालाशिवाय, हलवला, सगळ्यांसमोर तोंडाला लावला आणि ओढला. श्वास आत धरून उभी राहिली. चादर हातातच होती. आजूबाजूच्या जोड्याही आपापल्या चादरी ताणून थांबल्या होत्या, जणू त्यांनी खाली ठेवल्या असत्या तर काहीतरी सांडलं असतं. थोड्या वेळाने तिने पुन्हा एकदा ओढला. शिट्टी लांब गेली, मग ऐकू येईनाशी झाली. पंप खिशात गेला. तिने रेडिओकडे मानेने खूण केली. हिसका. कोपऱ्याला कोपरा.

आई परत बसली. मी तिची पर्स उचलून दिली, तर ती तिने घेतली नाही, तिला ती दिसलीच नाही.

तास संपल्यावर आई पुढे गेली. घातलेल्या घड्यांवरून हात फिरवला, एक उलगडून कोपरे पुन्हा जुळवले आणि सरांना म्हणाली, "पुढच्या आठवड्यात ह्या नका घेऊ, सर. जुन्या देते. ह्या गिऱ्हाइकांच्या आहेत." मग ती पायऱ्या उतरून, कार्यालयाच्या दारावरून, सरळ फाटकाकडे गेली.

आम्ही स्टाफरूममध्ये येऊन बसलो. चहा आला. सरांनी कप जवळ ओढला. मग त्यांनी टेबलावर दोन्ही कोपर ठेवले आणि अगदी हळू विचारलं, "कविराज, ती पंप ओढत होती तेव्हा माझा पाय हलत होता का?"

मी आठवून बघितलं. झोळी पडलेली चादर आठवली, रेडिओची घट्ट बोटं, आईचा अर्धवट उठलेला देह.

"मी बघितलं नाही, सर," मी म्हणालो. "मी तिच्याकडे बघत होतो."

"तुम्हीही?" ते म्हणाले. "मग आता विचारायचं कुणाला?"

कपातला चहा थरथरायला लागला होता.